संथ प्रवासाने दुसऱ्या समाजाविषयीचे आपले मत खरोखर बदलते का?

यावलकर

नमस्कार मंडळी,

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली. मूळचा यावल तालुक्यातला असलो तरी नोकरीमुळे जळगावातच स्थायिक झालो. आमच्या शेताच्या बांधावरून सातपुडा रोज दिसतो; पण त्या डोंगरात राहणाऱ्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाच्या घरी वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत मी एकदाही जेवलो नव्हतो. तोरणमाळला मात्र तीन वेळा गेलो होतो. शनिवारी सकाळी शहाद्याहून घाट चढायचा, यशवंत तलाव आणि सीता खाई पाहायची, गोरखनाथाचे दर्शन घ्यायचे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे, असा तो ठरलेला प्रवास असे. वाटेत भर दुपारी अंगणातल्या खाटेवर आडवी झालेली माणसे पाहून, "ही मंडळी कामच करत नाहीत," असे मी गाडीत म्हटल्याचे मला नीट आठवते, आणि आता त्याचे वाईट वाटते.

गेल्या वर्षी चैत्रात एका परिचितांच्या ओळखीने धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर मी सव्वीस दिवस राहिलो. पहिले तीन दिवस सहाला उठलो की घरात म्हाताऱ्या आजीखेरीज कोणी नसे. चौथ्या दिवशी मी साडेतीनलाच उठून घरच्यांबरोबर निघालो, तेव्हा ती सगळी कुठे जातात ते कळले. मोहाच्या झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून जमीन स्वच्छ केलेली होती आणि तिच्यावर बॅटरीच्या उजेडात पिवळसर पांढरी फुले पडलेली दिसत होती. ती एकेक करून टोपलीत वेचायची; फूल रसाळ असल्यामुळे अर्ध्या तासात बोटे एकमेकांना चिकटू लागतात आणि कंबर तर त्याच्याही आधी बोलू लागते. उन्हे चढेपर्यंत हे काम चालले. मग फुले अंगणात वाळत घालायची, गुरे सोडायची, झऱ्यावरून पाणी आणायचे. साडेबाराला आम्ही भाकरी खाऊन खाटेवर पडलो, तेव्हा मोटारीतून दिसणारी ती 'आळशी' दुपार म्हणजे या माणसांच्या कामाच्या दिवसाचा नववा तास असतो, हे माझ्या ध्यानात आले.

परत आल्यापासून मात्र एक शंका मनातून जात नाही. पूर्वी मी त्यांना आळशी समजत होतो. आता मित्रांशी बोलताना 'साधी, समाधानी, निसर्गाशी एकरूप झालेली माणसे' असे शब्द माझ्या तोंडून निघतात. हे खरोखर कळणे आहे, की एक समजूत जाऊन तिच्या जागी दुसरी, ऐकायला बरी वाटणारी समजूत आली आहे? 1986 साली रोममध्ये झटपट खाण्याच्या उपाहारगृहाला झालेल्या विरोधाच्या काळात इटलीत 'स्लो फूड' चळवळ आकाराला आली, 1989 मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा झाला आणि खाण्यातला हा विचार पुढे प्रवासालाही लागू झाला, एवढे मी वाचले आहे. कमी ठिकाणे, जास्त मुक्काम, स्थानिकांसारखे राहणे, ही त्याची सूत्रे मला पटतात. पण नुसते जास्त दिवस राहिल्याने दृष्टी बदलते का, की त्यासाठी आणखी काही लागते? ज्यांनी असा दीर्घ मुक्काम केला आहे, किंवा ज्यांच्या गावात असे पाहुणे येतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तापीकाठ

काका, मी नंदुरबारची. दिवसांपेक्षा वाहनाने फरक पडतो, असे माझे मत आहे. सुरत–भुसावळ मार्गावर जलद गाडीने जाणाऱ्याला खानदेश म्हणजे खिडकीबाहेरची कपाशी आणि केळी एवढाच दिसतो. त्याच मार्गावर पॅसेंजरने बसा. दोंडाईच्याला मिरचीचे पोते घेऊन चढणारी बाई, अमळनेरला उतरणारे विद्यार्थी, मध्येच अहिराणीची गुजर बोली होते आणि भुसावळ जवळ आले की लेवा बोली कानावर पडू लागते. तीन-चार तासांत भाषा बदलत जाताना ऐकू येते, आणि ती बदलण्याची रेघ नकाशावर कुठेच काढलेली नाही हेही कळते. तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे नाही.

भुसावळ जंक्शन

यावलकर साहेब, आपला प्रश्न वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. माझा अनुभव परदेशातला आहे, पण तो शेवटी आपल्याच नर्मदाकाठी येऊन पोहोचतो.

जपानच्या शिकोकू बेटावर 88 मंदिरांची परिक्रमा आहे. कोबो दाइशी या नावाने पूजल्या जाणाऱ्या कूकाई या बौद्ध आचार्यांशी ती जोडलेली असून पूर्ण वाट सुमारे 1,200 किलोमीटरची आहे. पायी चालणाऱ्याला सहा ते आठ आठवडे लागतात. मुलीकडे जपानला गेलो असताना मी तिचा पहिला टप्पा, म्हणजे तोकुशिमा प्रांतातील 23 मंदिरे, सतरा दिवसांत चाललो. त्याआधी दहा दिवसांत तोक्यो, क्योतो, ओसाका, हिरोशिमा अशी भरगच्च सहल झाली होती आणि तिच्यावरून 'जपानी माणूस अत्यंत शिस्तीचा, पण अलिप्त' असे माझे मत पक्के झाले होते. रांगेत उभे राहणारी, गाडीत मोबाईलवर न बोलणारी माणसे मी पाहिली होती, आणि ती सगळी मला पाहुणा म्हणून नव्हे तर गिऱ्हाईक म्हणून भेटली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते.

बाराव्या मंदिराची चढण फार अवघड आहे. यात्रेकरूंना लोळवणारी अशीच तिची ख्याती आहे. तिच्या आदल्या दिवशी दुपारी एक वृद्ध बाई घरातून धावत आली आणि तिने दोन संत्री माझ्या हातात ठेवली. मी खिशातून नाणी काढली. तिचा चेहरा पडला; तिने दोन्ही हात मागे घेतले आणि मान हलवली. माझ्याबरोबर चालणाऱ्या एका जपानी गृहस्थांनी मला हळूच समजावले की याला 'ओसेत्ताई' म्हणतात. यात्रेकरूला काही देणे म्हणजे त्याच्या यात्रेत आपला वाटा घालणे होय. ते नाकारायचे नसते आणि त्याची किंमत तर मुळीच द्यायची नसते. आपले नाव लिहिलेली कागदाची चिठ्ठी तेवढी द्यायची. मी चिठ्ठी दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली.

त्या क्षणी मला माझी आजी आठवली. नर्मदेच्या परिक्रमावासीयांना शिधा देणे, म्हणजे सदावर्त, ही तिच्या माहेरची रीत होती. आपल्या नंदुरबारच्या उत्तरेला शूलपाणीची झाडी आहे. तिथे भिल्ल परिक्रमावासीयांना लुटतात, अंगावर लंगोटीखेरीज काही ठेवत नाहीत, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जपानहून आल्यावर मी मोलगी, काठी, बिलगाव या बाजूने आठ दिवस चाललो. ज्यांच्या घरी दोन वेळच्या धान्याची ओढाताण होती, अशा लोकांनी मला चहा पाजला, मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. लुटीच्या कथा सगळ्याच खोट्या होत्या असे मी म्हणत नाही. परंतु त्या कथा सांगणारे बहुतेक जण स्वतः त्या वाटेने गेले नव्हते, आणि त्या झाडीत राहणाऱ्यांना घर आणि शेत सोडावे लागले, सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राच्या हद्दीतील 33 गावे बाधित झाली, ही गोष्ट त्यांच्या कथेत कधीच येत नव्हती.

तेव्हा माझे उत्तर असे की चालण्याने एक गोष्ट नक्की होते: आपण गरजवंत होतो. पाणी मागावे लागते, सावली मागावी लागते. पैसे देऊन घेणारा आणि मागून घेणारा यांना समोरच्या माणसाची निरनिराळी रूपे दिसतात. 'समाधानी माणसे' हा शब्द आपल्या तोंडी का येतो, याचे कारणही कदाचित इथेच असेल. आपल्याला त्यांनी दिले, म्हणून त्यांच्याकडे पुरेसे आहे असे आपण धरून चालतो.

खिरोद्याची लेक

भुसावळकर दादांचे मागून घेण्याविषयीचे म्हणणे मला अगदी पटले. चैत्रात खानदेशातून हजारो माणसे सप्तशृंगीला पायी जातात, आणि मुक्ताईची पालखी तर आषाढीसाठी महिनाभराहून अधिक काळ चालत विदर्भ-मराठवाड्यातून पंढरपूरला पोहोचते. माझी सासू त्या दिंडीत चार वेळा गेली. मराठवाड्यातील पाणीटंचाईबद्दल तिच्याइतके नेमके मी कोणाकडून ऐकलेले नाही, कारण कोणत्या गावात घागर देताना बाईचा हात थांबला, हे तिला गावाच्या नावासकट सांगता येते. घर आणि शेती सांभाळणाऱ्या बाईला एवढी सवड फक्त देवाच्या नावाने मिळते, हेही या चर्चेत नोंदवावेसे वाटते.

अक्राणीचा शिक्षक

यावलकर काका, मी पावरा समाजातला आहे. धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर माझा जन्म झाला आणि आता शेजारच्याच पाड्यावरील शाळेत शिकवतो. आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो.

आमच्याकडे पाहुणे सर्वांत जास्त येतात ते होळीला. काठीची राजवाडी होळी पाहायला दूरदूरहून माणसे येतात, रात्रभर छायाचित्रे काढतात आणि पहाटे होळी पेटली की निघून जातात. अंगावर नक्षी काढलेले, कमरेला घुंगरू आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप ल्यालेले बावा आणि बुध्या त्यांना दिसतात. त्या माणसाने आधीचे कित्येक दिवस पालनी, म्हणजे नवसाचे कडक नियम, पाळलेली असते, तो खाटेवर बसलेला नसतो, जमिनीवर झोपलेला असतो, आणि हे सगळे घरातल्या आजारी माणसासाठी बोललेल्या नवसापायी असू शकते, हे त्या छायाचित्रात येत नाही. जो आठवडाभर आधी येऊन राहतो त्याला ते कळते. तेवढ्यापुरता जास्त मुक्कामाचा उपयोग आहेच, आणि आपण पहाटे साडेतीनला उठून मोहाखाली गेलात, याचा मला मनापासून आनंद वाटला.

मात्र एक गोष्ट या चर्चेत कोणी लिहिली नाही, म्हणून मी लिहितो. दुसऱ्यांच्या मुलखात महिनोन्‌महिने जाऊन राहणे आमच्या लोकांना नवे नाही. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरील घरे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा आणि गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला, ऊसतोडीला जायचे. लहानपणीचे चार हिवाळे मी तिथे उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, काढले. मी गुजराती तिथेच शिकलो. तिथल्या मालकांच्या घरी दिवा केव्हा लागतो, लग्नात काय वाजते, भाऊ भावाशी कशावरून भांडतो, हे सगळे आम्हाला ठाऊक होते, कारण आम्ही त्यांच्या बांधावर पाच-पाच महिने राहत होतो. त्यांना आमच्यापैकी एकाचेही नाव ठाऊक नव्हते. माझी आई उसाचे वाढे, म्हणजे गुरांना घालायचे हिरवे शेंडे, बांधून विकत असे. घेणारा भाव विचारी, ती कुठून आली हे कधीच विचारत नसे.

म्हणून माझा अनुभव असा आहे की दीर्घ मुक्कामाने एका बाजूचे डोळे उघडतात; दुसऱ्या बाजूचे उघडतीलच असे नाही. आपण आमच्याकडे आलात तेव्हा आपल्याला खाट मिळाली आणि पहिली भाकरी मिळाली. आम्ही तुमच्याकडे येतो तेव्हा आम्हाला बांधाचा कडेचा तुकडा मिळतो. दिवस तर आमचेच जास्त असतात. सव्वीस दिवसांत आपण त्या घराला पुष्कळ प्रश्न विचारले असतील. त्या घराने आपल्याला काय विचारले आणि आपण काय उत्तर दिले, हे लिहिलेत तर आपले मत किती बदलले हे मला अधिक चांगले सांगता येईल.

यावलकर

सर, आपले उत्तर मी तीन वेळा वाचले आणि दोन दिवस थांबून मग लिहायला बसलो.

त्या घरातील आजीने मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता. तिला मराठी फारशी येत नव्हती, म्हणून नातू समजावून सांगे. यावलला तुमच्या बागेत कोण काम करते, हा तो प्रश्न. मी प्रत्येक वेळी "मजूर" असे उत्तर दिले. ती माझ्याकडे पाहत राही आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारी. वयामुळे तिला विसरायला होत असेल, असे मी तेव्हा समजलो.

आमच्या केळीच्या बागेत माझ्या लहानपणी सातपुड्यातला एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचे साल ठरत असे आणि पुढच्या आखाजीला पुन्हा ठरत असे. अशी अकरा वर्षे तो आमच्याकडे राहिला. घड कापताना खांद्यावर गोणपाट कसे ठेवायचे, चिकाचे डाग कपड्याला लागू नयेत म्हणून कापलेला दांडा कोणत्या बाजूला धरायचा, हे मी त्याच्याकडून शिकलो. त्याला आम्ही ज्या नावाने हाक मारत होतो ते त्याचे खरे नाव होते की माझ्या आजोबांनी सोयीसाठी ठेवलेले, हे मला सांगता येत नाही. काल रात्री थोरल्या भावाला फोन करून पाड्याचे नाव विचारले. त्यालाही ते आठवले नाही. आज सकाळी त्याने माळ्यावरून वडिलांची जुनी वही काढली. तिच्यात उचलीची प्रत्येक रक्कम तारखेनिशी लिहिलेली आहे, धोतरजोडी केव्हा दिली तेही आहे, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी त्याचा अंगठा आहे. गावाचे नाव कुठेही नाही.

त्याला एक मुलगा होता, साधारण माझ्याच वयाचा, आणि ती माणसे डोंगरातून उतरताना चोपड्याच्या बाजूने येत, एवढे भावाला आठवते. सर, एवढ्यावरून शोध घेणे शक्य आहे का? असल्यास कोणत्या बाजूच्या पाड्यांपासून सुरुवात करावी, हे कृपया कळवावे. या खेपेस मी वही बरोबर घेऊन येईन.