माळावरच्या पक्ष्यांसाठी सुपरझूम: पी९५०, पी१००० की जुना पी९००?

माळकरीण

नमस्कार. मी इंदापूर तालुक्यात राहते, शाळेत विज्ञान शिकवते. घरामागं गवताळ माळ आहे आणि गाडीवर थोडं पुढं गेलं की उजनीचं पाणी. शाळेआधी दुर्बीण घेऊन माळावर जाते. ८×४२ ची दुर्बीण आहे, पक्षी चांगले दिसतात. अडचण नोंदीची आहे. हिवाळ्यात भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) येतात, त्यांतली मादी माँटेग्यू जातीची की पॅलिड जातीची, हे मला पटलं तरी दुसऱ्याला पटवून देता येत नाही. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकली की फोटो आहे का विचारतात, आणि ते विचारणं बरोबरच आहे. दुर्बिणीला मोबाइल लावून काढलेल्या फोटोत पक्ष्याचा नुसता काळा ठिपका येतो.

डीएसएलआर आणि मोठं भिंग परवडणार नाही आणि खांद्यालाही पेलणार नाही. म्हणून निकॉनचे सुपरझूम, म्हणजे भिंग न बदलता खूप लांबचं जवळ आणणारे कॅमेरे, बघतेय. पी१००० चा १२५ पट झूम खरंच पी९००-पी९५० च्या ८३ पटापेक्षा इतका वेगळा पडतो का? हातात धरून फोटो निघतात का, की तिकाटणं लागतंच? सकाळी सहा-साडेसहाच्या उजेडात काय होतं? पुण्यात ओळखीच्या दुकानात एक जुना पी९०० पण आहे, तो म्हणे चांगल्या स्थितीत आहे. यूट्यूबवर सगळे चंद्रच दाखवतात. मला चिखल्यासारखे पाण्याकाठचे छोटे पक्षी बघायचे आहेत. जे स्वतः वापरतात त्यांनी सांगावं.

चक्रवाक

ताई, पी९०० मी बरीच वर्षं वापरतोय, दौंड ते भिगवण पट्ट्यातच, म्हणजे तुमच्याच पक्ष्यांवर. सविस्तर लिहितो.

आधी ते ‘इतके पट’ बाजूला ठेवा. पी९०० मार्च २०१५ मध्ये आला तेव्हा ८३ पट, २४ ते २००० मिमी, या आकड्यानंच गाजला. पण हे २००० मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबातले. भिंगाची खरी लांबी ४.३ ते ३५७ मिमी आहे. सेन्सर जेमतेम सहा मिमी रुंद, करंगळीच्या नखाहून लहान, म्हणून एवढा पल्ला ९०० ग्रॅमच्या कॅमेऱ्यात बसलाय. याचा मोबदला उजेडात द्यावा लागतो. पूर्ण झूमवर भिंगाचं छिद्र एफ/६.५ पेक्षा मोठं होत नाही (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० ला १/५०० सेकंदाचा शटर मिळतो, तेव्हा पंखाच्या कडा, चोचीवरचा चिखल, सगळं दिसतं. तुमच्या साडेसहाच्या उजेडात तोच कॅमेरा आयएसओ ८००-१६०० मागतो आणि पिसांचं पोत धुऊन निघाल्यासारखं होतं. पक्षी ओळखू येतो, पण छापायला मोठा करावा असा फोटो मिळत नाही. सूर्य कासराभर वर आला की कॅमेरा बाहेर काढा, तोपर्यंत दुर्बीण.

हातात धरून निघतात का? निघतात, आणि या कॅमेऱ्याची खरी करामत हीच. निकॉन पाच स्टॉपची स्थिरता सांगते, म्हणजे हातात धरूनही शटर पाच वेळा दुप्पट हळू ठेवता येतो. भिंतीला किंवा गाडीच्या सीटला कोपर टेकवून २००० मिमीला १/१२५ नं बसलेल्या पक्ष्याचे धारदार फोटो मी नेहमी काढतो. पण हे सगळं हात हलण्यापुरतं. पक्षी हलला तर स्थिरता काही करू शकत नाही, तिथं शटरच वाढवावा लागतो.

पक्षी चौकटीत सापडणं हे वेगळंच प्रकरण आहे. पूर्ण झूमवर चौकट फक्त एक अंश रुंद असते. म्हणजे शंभर मीटरवर पावणेदोन मीटरचा तुकडा. पी१००० ला ३००० मिमीवर तोच तुकडा सव्वा मीटरपेक्षाही कमी. ढेकळांच्या माळावर त्यात पखुर्डी (मातीच्या रंगाचा पक्षी) शोधायची म्हणजे कठीण. यासाठी भिंगाच्या बगलेला एक बटण दिलंय. दाबून धरलं की झूम मागं येतो, पक्षी मध्यभागी घ्यायचा, सोडलं की झूम पुन्हा होता तिथं. घेतल्यावर पहिल्या दिवसापासून बोटाला या बटणाची सवय लावा. बाकी सगळी बटणं नंतर शिकली तरी चालतील.

आता १२५ की ८३. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या हवेत ८३ पटच पुरे, बऱ्याचदा तेही जास्त होतात. उजनीच्या काठावर नऊ-साडेनऊनंतर चिखलावरून वाफ उठायला लागते. दीडशे मीटरवरचा चित्रबलाक मग पाण्याखालून बघितल्यासारखा लहरतो. कितीही महागडं भिंग लावा, मधली हवा बदलत नाही. अशा वेळी २००० मिमीवरून १२०० वर येऊन चाळीस पावलं पुढं सरकलं तर फोटो हमखास चांगला येतो. शिवाय लहान सेन्सरवर एफ/६.५ लाच प्रकाशाचं विवर्तन (लहान छिद्रातून जाताना पसरणं) बारकावे खायला लागतं, आणि पी१००० पूर्ण झूमवर एफ/८ पर्यंत जातो. वरून त्याचं वजन १४०० ग्रॅमच्या वर. शाळेआधी गळ्यात अडकवून माळावर चालायचं असेल तर हा फरक मानेला रोज कळेल.

पी९५० हा २०२० चा. भिंग तेच ८३ पट, पण पी९०० मध्ये नाही म्हणून सगळ्यांनी बोटं मोडली ती रॉ फाइल (कॅमेऱ्यानं न बदललेला मूळ फोटो) यात आली. व्ह्यूफाइंडर पुष्कळ स्पष्ट झाला आणि वर हॉट शू (जोडसाधन बसवायची खाच) आला. हॉट शू महत्त्वाचा, कारण त्यावर लाल ठिपक्याचा नेमदर्शक (रेड डॉट साइट) बसवता येतो. मग उडता पक्षी शोधायला झूम मागं घ्यायची गरज राहत नाही. वजन मात्र १००० ग्रॅमला टेकलं, आणि बॅटरी वेगळी असल्यानं चार्जला फोटो पी९०० पेक्षा कमी: कंपनीच्या मोजणीनं पी९०० चे ३६०, याचे २९०. दुसरी बॅटरी सुरुवातीलाच घ्या.

उडणाऱ्या भोवत्यांबद्दल. भोवत्या गवताला लागून, सावकाश, पंख उंचावून तरंगत येतो. समोरून येत असेल तर फोकस मागं राहतो. आडवा जात असेल तर मिळतो. मी ८००-१००० मिमीला थांबतो, १/१००० चा शटर, मधल्या चौकटीचा फोकस, आणि पक्षी आडवा फिरण्याची वाट बघतो. पी९०० एका दमात सात फोटो काढतो आणि मग ते कार्डावर लिहून होईपर्यंत थांबतो, त्यामुळं पक्षी लांब असतानाच बटण दाबून ठेवू नका. मानेभोवतीचं फिकट कडं दिसलं की पॅलिडच्या मादीचा निवाडा होतो, आणि तेवढ्यासाठी सुंदर फोटो लागत नाही.

चिखल्यांसाठी तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. गुडघ्यावर बसून, कॅमेरा जमिनीलगत, पडदा वर वळवून. छोट्या चिखल्याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं साठ-सत्तर मीटरवरून स्वच्छ येतं, आणि पक्षी चरत राहतो. तो न उठणं हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मे महिन्यात माळावर पिवळ्या गाठीच्या माळटिटवीचं घरटं असतं, घरटं कसलं, खड्यांमधली चार अंडी. जवळ गेलं की ती उठते आणि अंडी उन्हात उघडी पडतात. रस्त्यावर गाडीत बसून मी तिला पाण्यावरून परत येताना बघितलंय: पोटाची पिसं चिंब ओली, येऊन अंड्यांवर बसली, आणि अंडी ओली झाली. पडद्यावर पिसांच्या टोकाचे थेंब मोजता येत होते. फोटोग्राफीच्या स्पर्धेत तो फोटो टिकणार नाही, पण टिटवीचं वागणं त्यात पुरतं नोंदलं गेलंय, आणि तिला माझा पत्ताही नव्हता.

घाटमाथा

चक्रवाक यांचं बहुतेक पटलं, पण एका बाबतीत वेगळं मत मांडतो. मी सोनीचा आरएक्स१० मार्क ४ वापरतो, २०१७ चा. झूम २५ पटच, २४ ते ६०० मिमी. पण सेन्सर एक इंची, म्हणजे १३.२ × ८.८ मिमी, क्षेत्रफळात पी९०० च्या चौपट. छिद्र पूर्ण झूमवरही एफ/४. ताम्हिणीत पावसाळी उजेडात स्वर्गीय नर्तक मिळतो तो यावर. सेकंदाला २४ फोटो आणि फोकस उडत्या पक्ष्याला सोडत नाही. माळकरीणताईंच्या भोवत्यांसाठी खरं तर हा कॅमेरा. ६०० मिमीचा फोटो कापून मोठा केला तरी सकाळच्या उजेडात २००० मिमीवाल्यापेक्षा सरस निघतो, हे मी मित्राच्या पी९०० शेजारी उभं राहून बघितलंय.

किंमत हा एकच अडथळा. बाजारात आला तेव्हाच अमेरिकेत १७०० डॉलर होता, त्या वेळच्या पी९०० च्या जवळजवळ तिप्पट.

चक्रवाक

घाटमाथा, जंगलासाठी आणि उडत्या पक्ष्यांसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण उजनीच्या फुगवट्यात रोहित काठापासून जेवढे लांब उभे राहतात तिथं ६०० मिमी अपुरे पडतात, आणि चिखलात पुढं जाता येत नाही. ताईंचा प्रश्न नोंदीचा आहे, ऊनही भरपूर आहे. त्या पैशांत पी९५० येऊन चांगली दुर्बीणही येईल.

गच्चीवरून

चंद्राचं नाव निघालंच आहे तर शाळेसाठी एक सुचवतो, कारण ताई विज्ञान शिकवतात. पौर्णिमेला काढू नका, सपाट दिसतो. शुक्ल अष्टमीच्या आसपास काढा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, मुलं बघत राहतात. ऑटोवर चंद्र पांढरा गोळा होतो; पूर्ण चंद्राला आयएसओ १००, एफ/६.५, १/२५०, अर्ध्याला शटर थोडा हळू. ३५७ मिमी खऱ्या लांबीवर चंद्राची प्रतिमा सेन्सरवर सव्वातीन मिमीची पडते, म्हणजे उंचीच्या सत्तर टक्के. पी१००० वर ती चौकटीबाहेर जाते, अख्खा चंद्र घ्यायला झूम कमीच करावा लागतो. हे गणित नववीच्या मुलांकडून करून घेता येतं.

गुरूचे चार चंद्रही दिसतात, त्यासाठी मात्र तिकाटणं आणि दोन सेकंदांचा टायमर हवाच.

नर्मदातीर

इंदूरहून लिहितेय. कॅननच्या एसएक्स७० चं कुणी नाव घेतलं नाही म्हणून. ६५ पट, २१ ते १३६५ मिमी, रॉ आहे, वजन फक्त ६१० ग्रॅम. माझ्या मनगटाला त्रास आहे, पी९५० मला पेलला नसता. पिसांचे बारकावे निकॉनपेक्षा थोडे कमी येतात हे खरं, पण रोज सोबत राहतो. ताई, दुकानात दोन्ही हातात धरून दहा मिनिटं डोळ्याला लावून बघा, मग ठरवा.

माळकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. टिटवीच्या ओल्या पोटाचं वाचून थांबले. आमच्या माळावर दर वर्षी घरटी असतात आणि मी लांबूनच जाते, त्यामुळं हे कधी दिसलंच नव्हतं. पी१००० मनातून काढला. एसएक्स७० हातात घेऊन बघेन, पण मन पी९५० कडे आहे. तेवढे पैसे आत्ता जमले नाहीत तर तो जुना पी९०० घेऊ का? घेताना काय बघायचं? दुकानदार ओळखीचा आहे, तासभर बसून तपासू देईल.

चक्रवाक

घ्या, जरूर घ्या, पण हे बघून. भिंग काढता येत नाही आणि झूम आत-बाहेर होताना हवा आत ओढतो, त्यामुळं धूळ सेन्सरवर बसते आणि ती घरी साफ करता येत नाही. दुकानाबाहेर येऊन पूर्ण झूम करा, छिद्र एफ/८ ठेवा, निरभ्र आभाळाचा फोटो काढा आणि तो लॅपटॉपवर मोठा करून बघा. करडे गोल डाग दिसले तर ती धूळ. एखादा कोपऱ्यात असेल तर चालवून घ्या, मध्यभागी असेल तर सोडून द्या.

मग झूम सलग आत-बाहेर करा आणि कान द्या. आवाज एकसारखा हवा, मध्ये अडखळता नको. भिंग पूर्ण बाहेर असताना नळी बोटांनी हलकेच हलवून बघा, किंचित हलते ते चालतं, खडखडली तर नको. समोरच्या इमारतीवरची एखादी पाटी पूर्ण झूमवर हातात धरून १/१२५ नं काढा. दहातले निम्मे फोटो तरी वाचता यायला हवेत, नाहीतर स्थिरतेची यंत्रणा दमलीय. पडदा चारही बाजूंना वळवा, वळवताना चित्र लुकलुकलं तर आतली पट्टी झिजलीय.

बॅटरी जुनी असणारच, ईएन-ईएल२३ नावाची नवी घ्या. पुढं पी९५० घेतलात तर ती त्याला बसणार नाही हे लक्षात असू द्या. भिंगाला ६७ मिमीचा साधा फिल्टर लावून टाका, माळावरची धूळ आणि उजनीचे शिंतोडे त्याच्यावर बसलेले बरे.

पक्षी यायला अजून अवकाश आहे. तोपर्यंत अंगणातल्या वेड्या राघूंवर ते बगलेचं बटण घोटून घ्या. तारेवर बसतात, झेप घेऊन माशी पकडतात आणि पुन्हा तिथंच येतात. फोकस तारेवर धरून ठेवला की परतताना चोचीतल्या माशीसकट मिळतात.