कॅम्पस हाउसिंगच्या लॉटरीत गरजूंना आधी नंबर द्यावा का?

उंबरठा:
मंडळी, विषय अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचा आहे, पण इथं बऱ्याच जणांची मुलं तिकडे शिकतायत किंवा यंदा जाणारेत, म्हणून धागा काढतेय. मी कॅलिफोर्नियात पीएचडी करतेय, युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे मास्टर्स-पीएचडीवाल्यांना कॅम्पसवरची घरं लॉटरीने मिळतात. वसंतात ऑनलाइन अर्ज भरायचा, बिल्डिंगांचा पसंतीक्रम टाकायचा, मग कॉम्प्युटर प्रत्येकाला एक रँडम नंबर देतो आणि त्या नंबराच्या क्रमाने घरं वाटत जातो. पहिल्या वर्षी येणाऱ्यांना मुदतीत अर्ज केला तर जागेची हमी असते. दुसऱ्या वर्षापासून मात्र नशिबावर.

माझं म्हणणं सरळ आहे. आधी गरज बघा आणि मग उरलेल्यांच्या चिठ्ठ्या टाका. माझा नवरा एफ-2 व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे, म्हणजे त्याला इथं नोकरी करायला कायद्याने बंदी, आणि मला एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला फक्त 20 तास, तेही कॅम्पसवरचंच काम. बाहेर घर बघायला गेलं की मालक तीन गोष्टी विचारतो, क्रेडिट स्कोअर किती, उत्पन्न भाड्याच्या तिप्पट आहे का, आणि नसेल तर अमेरिकेत राहणारा कोणी जामीन राहील का. दीड वर्षाच्या बाळाला घेऊन आलेल्या माणसाकडे यातलं काय असणार? आणि त्याच लॉटरीत शेजारच्या गावात आईवडलांचं घर असलेला, गाडी असलेला, वडील को-साइन करायला तयार असलेला मुलगाही माझ्याच शेजारी उभा असतो, त्याचा नंबर लागतो आणि आमचा नाही. याला समान संधी म्हणायचं का? मला नाही पटत.

कोकणकडा:
अजिबात पटलं नाही ताई. तुमची अडचण खरी आहे, त्याबद्दल वाद नाही, पण लॉटरीचा सगळ्यात मोठा गुण हाच की तिला कोणाची कहाणी कळत नाही. आपण मराठी माणसं तरी हे विसरू नये, आपल्याकडे वाटपात माणसाचा हात आला की वशिला आला, साहेबांचा फोन आला, "आपलाच मुलगा आहे, बघा जरा" आलं. म्हाडाने सोडत कॉम्प्युटरवर नेली तेव्हा कुठं लोकांचा थोडा विश्वास बसला. 2024 च्या मुंबईच्या सोडतीत 2030 घरांसाठी लाखाच्या वर अर्ज होते, बहुतेकांना काहीच मिळालं नाही, तरी पुढच्या सोडतीला लोक परत भरतात कारण निदान चिठ्ठी तरी प्रामाणिक आहे असं वाटतं.

गरज मोजायला गेलात की कागद आले आणि कागद आले की खोटे कागद आले. आरटीईच्या 25 टक्के जागांचं बघा, शाळेपासूनचं अंतर मोजतात म्हटल्यावर शाळेजवळचे खोटे भाडेकरार आणि कमी उत्पन्नाचे दाखले घेऊन लोक उभे, अशा तक्रारी सतत येत असतात. ज्याला खरंच गरज होती त्याच्याकडे ना वकील ना एजंट, तो मागेच. अमेरिकेत असं होणार नाही कशावरून?

आणि डिपॉझिटचं म्हणाल तर 2024 च्या जुलैपासून कॅलिफोर्नियात मालकाला एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, छोटे मालक सोडले तर. बाहेर राहणं पूर्वीइतकं अशक्य नाहीये.

मृदगंध:
वादात पडत नाही, पण मुलगी ऑगस्टमध्ये जातेय म्हणून विचारते. पसंतीक्रम कसा भरायचा? तिची सीनियर म्हणाली की सगळ्यांना हवी असलेली बिल्डिंग पहिली टाकूच नको, तिथं नंबर लागणार नाही आणि पसंती वाया जाईल. खरं आहे का हे?

आकडेमोड:
मृदगंधताई, हे नियमावर अवलंबून आहे म्हणून आधी नियम वाचा. नंबराच्या क्रमाने एकेकाला घेऊन त्याच्या यादीतलं वरून पहिलं मोकळं घर देत असतील तर खरी आवड खऱ्या क्रमानेच लिहावी, डावपेच करून काडीचा फायदा नाही. तुमचा नंबर आला तेव्हा पहिली बिल्डिंग भरलेली असेल तर तो प्रोग्रॅम दुसरी बघतो, तिसरी बघतो, पसंती "वाया" जात नाही. पण काही ठिकाणी आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या भागवतात आणि मग उरलेल्यांत दुसऱ्या बघतात, तिथं सीनियर म्हणते ते बरोबर ठरतं. दोन पद्धती दिसायला सारख्या, परिणाम उलटे. आणि यादी लांब भरा, दोनच नावं टाकून थांबू नका. करार रद्द करायचा दंड आणि मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या वर्षीचा हक्क जातो का, हे दोन्ही करार स्वीकारायच्या आधीच बघून ठेवा.

आता मूळ वादाबद्दल. उंबरठा आणि कोकणकडा दोघंही नवीन अर्जदारांबद्दल बोलतायत, पण खरी गाठ जुन्या भाडेकरूंपाशी आहे. समजा मी आत्ता एका खोलीत राहतोय, मला दुसरी हवीय, पण लॉटरीत उतरायचं तर हातातली सोडावी लागते, आणि नंबर वाईट आला तर दोन्ही जातात. मग मी उतरतच नाही. माझ्यासारखे असंख्य जण नको असलेल्या खोलीत अडून बसतात, आणि ज्याला माझी खोली आवडली असती त्याला ती दिसतही नाही. यावर 1999 मध्ये अब्दुलकादिरोग्लू आणि सोन्मेझ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी कॅम्पस हाउसिंगचंच उदाहरण घेऊन उपाय मांडलाय. वाटप नंबरानेच चालतं, पण पुढच्या कोणी माझी खोली मागितली तर त्याला ती देण्याआधी मला त्याच्या पुढे आणतात, म्हणजे मी माझी पसंती आधी उचलतो आणि मग माझी खोली मोकळी होते. मला काहीच बरं मिळालं नाही तर माझी खोली माझ्याकडेच राहते. आत असलेल्या कोणाचं वाईट होत नाही, अडकलेल्या खोल्या फिरायला लागतात. गरज की नशीब हा वाद घालण्याआधी एवढं जरी केलं तरी बऱ्याच जणांचं भागेल.

उंबरठा:
@आकडेमोड, हे छान समजावलंत, आमच्याकडे हातातली जागा सोडूनच उतरावं लागतं त्यामुळे लोक हलत नाहीत हे अगदी तसंच दिसतं. पण तुमचा उपाय आत असलेल्यांसाठी आहे. जो बाहेरच राहिला त्याचं काय?

@कोकणकडा, म्हाडाचं उदाहरण तुम्हीच दिलंत तर तेच पुढे नेते. म्हाडाच्या सोडतीत अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च असे उत्पन्नगट आहेतच की, शिवाय आरक्षणंही आहेत. आधी गट पाडतात आणि मग गटाच्या आत चिठ्ठी काढतात. मी वेगळं काय मागतेय? आणि आरटीईची सोडत तर गरिबांसाठी राखलेल्या जागांतलीच आहे. खोटे दाखले येतात म्हणून ते 25 टक्केच काढून टाका असं तुम्ही म्हणाल का? 2024 मध्ये सरकारने नियम बदलून सरकारी शाळा जवळ असलेल्या खाजगी शाळांना त्यातून सूट दिली तेव्हा पालक कोर्टात गेले आणि मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. लोक भांडले ते राखीव जागा टिकाव्यात म्हणूनच.

घाटवाट:
पुण्यात शिकतोय, बीड जिल्ह्यातून आलोय, म्हणून थोडं आपल्याकडचं सांगतो. आपल्या सरकारी वसतिगृहांत लॉटरी नसते, प्रवर्गनिहाय मेरिट लागतं. दोन-चार टक्क्यांनी मागे राहिलेला पोरगा बाहेर, मग त्याच्या घरची परिस्थिती काहीही असो. पण 2016-17 पासून स्वाधार योजना आली, अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना, ज्यांना वसतिगृह मिळालं नाही त्यांच्यासाठी, पुण्या-मुंबईत वर्षाला 60000 रुपये, त्यात जेवणाचे 32000, राहण्याचे 20000, निर्वाहाचे 8000. वर्षाच्या 20000 रुपयांत पुण्यात खोली मिळत नाही हे कोणीही सांगेल, तरी त्यामागचं तत्त्व मला फार योग्य वाटतं, जागा देता येत नसेल तर भाडं द्या. अमेरिकेतल्या एवढ्या श्रीमंत युनिव्हर्सिट्या लॉटरीत हरलेल्याला बाहेरच्या भाड्यातला फरक का देत नाहीत? ज्याला नंबर लागला त्याला स्वस्त घर, ज्याला नाही लागला त्याला फक्त "सॉरी" असा ईमेल. दोघांचा स्टायपेंड तोच.

पारावरचा:
वेगळा मुद्दा मांडतो. लॉटरीने फक्त जागा वाटल्या जात नाहीत, शेजार ठरतो. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षानंतर मुलं 12 हाउसेसमध्ये जातात, आणि 1990 च्या दशकापर्यंत त्यांच्या पसंतीला तिथं वजन होतं. परिणाम काय झाला, ॲडम्स हाउस कलावाल्यांचं, कर्कलंड खेळाडूंचं, एलियट पैसेवाल्यांचं. 1996 पासून त्यांनी वाटप पूर्ण रँडम केलं, एकत्र राहायचं तर छोटा ग्रुप करून अर्ज करायचा एवढीच मुभा ठेवली. तेव्हा मुलांनी विरोध केला होता, पण एका जिन्यावर चार तऱ्हेची माणसं आली ती त्यामुळेच. तुम्ही गरजेप्रमाणे गट पाडले की एका बिल्डिंगमध्ये सगळे परदेशी आणि दुसरीत सगळे गोरे असं होणार. आपलीच मुलं मग चार वर्षं आपल्याच माणसांत राहून परत येतात.

घाटवाट:
पारावरचे काका, ज्याला इंग्रजीत दोन वाक्यं बोलताना घाम फुटतो त्याला आपल्या भाषेचा एक रूममेट मिळाला तर तो टिकतो हो. आमच्या गावचा एक जण पहिल्याच सेमिस्टरला परत यायला निघाला होता, खोलीत शेजारी एक तेलुगू मुलगा होता त्याने हिंदीत बोलून धीर दिला म्हणून राहिला. मिसळायचं ते नंतर जमतं, आधी उभं राहता आलं पाहिजे.

कोकणकडा:
सगळे वाटपाच्या पद्धतीवर भांडताय पण मूळ दुखणं खोल्या कमी असण्याचं आहे. ही संगीत खुर्ची आहे, गाणं कोणतंही लावा, खुर्च्या कमी असतील तर कोणीतरी उभं राहणारच. 2021 च्या फॉल टर्मला सांता बार्बराच्या युनिव्हर्सिटीने मुलांना हॉटेलात ठेवलं, आणि त्याच सुमाराला 4500 मुलांसाठी अशी एक अवाढव्य बिल्डिंग बांधायला निघाले होते की तिच्यातल्या बहुतेक खोल्यांना खिडकीच नव्हती. चार्ली मंगर या अब्जाधीश गुंतवणूकदाराने पैसे देऊ केले होते पण अट अशी की त्यांचाच नकाशा वापरायचा. एका आर्किटेक्टने सल्लागार समितीतून राजीनामा दिला, शेवटी 2023 मध्ये तो नाद सोडला. उलट स्टॅनफर्डने 2020 मध्ये ग्रॅड विद्यार्थ्यांसाठी 2400 च्या आसपास खाटांची नवी घरं उघडली. आंदोलन करायचं तर बांधकामासाठी करा. गरजेच्या गटांसाठी भांडून तुम्ही एका विद्यार्थ्याच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात वाढताय, स्वयंपाक तेवढाच.

उंबरठा:
बांधायलाच हवीत, त्याला कोण नाही म्हणतंय? पण बिल्डिंग मंजूर होऊन उभी राहीपर्यंत माझी डिग्री संपेल. तोवर आहेत त्या खोल्या कोणाला, हा प्रश्न दर वसंतात येणारच.

खोट्या कागदांचं भय मला समजतं. पण मी तहसीलदाराचा दाखला मागतच नाहीये. नवरा किंवा बायको आणि मुलं व्हिसावर सोबत आहेत की नाही हे युनिव्हर्सिटीला बाहेरून विचारावं लागत नाही, त्यांची आय-20, म्हणजे व्हिसासाठी लागणारा कागद, युनिव्हर्सिटीच काढते. स्टायपेंड किती हे पगार देणाऱ्याला माहीत आहे. इथल्या एकट्या आईला आर्थिक मदत मिळते तेव्हा मुलांची नोंद त्या अर्जात आधीच झालेली असते, म्हणजे हा फक्त परदेशी मुलांचा मुद्दाही नाही. अपंगत्वासाठी तर आजही कायद्यानेच लॉटरीच्या बाहेर सोय करावी लागते, ती करतात आणि त्यावर कोणी "वशिला" म्हणत नाही. आणि पहिल्या वर्षाची हमी म्हणजे तरी काय आहे? नवीन माणसाला इथलं काही माहीत नसतं, त्याला बाहेर घर मिळणं अवघड म्हणून त्याला लॉटरीतून वगळून आधी जागा देता. ही गरजच झाली ना? म्हणजे तत्त्व तुम्ही आधीच मान्य केलंय, फक्त ते 12 महिन्यांनी संपतं. माझ्या बाळाची गरज 12 महिन्यांत संपत नाही.

कोकणकडा:
आय-20 चा मुद्दा चांगला आहे, त्यात लबाडी करणं खरंच अवघड. पण स्टायपेंडचं नाही पटत. दक्षिण मुंबईत दोन फ्लॅट असलेल्या घरातल्या मुलाचा आणि घाटवाटच्या गावच्या मुलाचा स्टायपेंड एकच असतो, तुमचा निकष त्या दोघांत काय फरक करणार? घरचा पैसा तिकडच्या ऑफिसला कधीच दिसणार नाही. म्हणून कुटुंब सोबत असलेल्यांना दोन चिठ्ठ्या द्या, एवढ्यापर्यंत मी येऊ शकतो. वेगळा कोटा नको. दोन चिठ्ठ्यांमध्ये शक्यता वाढते पण एकट्या मुलाचं दार बंद होत नाही.

आणि त्याच्याही आधी एक गोष्ट. नंबर कसा काढला, किती घरं होती, कोणत्या बिल्डिंगमध्ये कितव्या नंबरापर्यंत गेलं, हे नावं वगळून जाहीर झालं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी एक ईमेल येतो, मिळालं किंवा नाही मिळालं, बाकी काही कळत नाही. हे न उघडता गरजेचे गट पाडलेत तर माझा विरोध कायम.

उंबरठा:
जाहीर करण्याच्या मागणीवर माझी सही घ्या. दोन चिठ्ठ्यांवर नाही. लहान मूल सोबत असलेल्या घराला "शक्यता वाढली" म्हणून भागत नाही, ऑगस्टमध्ये किल्ली हातात लागते. आमच्या ग्रॅड स्टुडंट संघटनेत पुढच्या महिन्यात यावर बोलणं आहे, तिथं मी आकडेमोड यांचा जुन्या भाडेकरूंचा मुद्दा आणि घाटवाटचा भाड्यातल्या फरकाचा मुद्दा दोन्ही मांडणारे. पारावरच्या काकांसाठी एवढंच, कुटुंबांची घरं तशीही वेगळ्या बिल्डिंगांत असतात, आणि आमच्या अंगणात कोरियन, ब्राझिलियन, इराणी, टेक्सासची अशी सगळी पोरं एकत्र खेळतात.

मृदगंध:
लेकीला धागा पाठवला. तिने नियम उघडून बघितले तर वाटपाचा क्रम लिहिलाय, पण दोघींनी मिळून अर्ज केला तर नंबर कोणाचा धरणार, चांगला की वाईट की तिसराच, ते कुठंच नाहीये.

आकडेमोड:
हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, अंदाजावर जाऊ नका. हाउसिंग ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर मागा, आणि ते येईपर्यंत ग्रुपमध्ये नाव घालू नका.