हरिहरेश्वरच्या खडकाला अशी जाळी कशामुळे पडते?

सागर_भटक्या:
परवा हरिहरेश्वरला गेलो होतो, देवळामागच्या पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेला लागलं की कड्यावर नुसती भोकंच भोकं, एकाला लागून एक, मधे पातळ भिंती. सोबतचे म्हणाले लाटांनी झालं. पण लाटा एवढ्या वर रोज कुठे पोचतात? आणि खालचा कातळ मग सपाट कसा?

घाटवाटकर:
लाव्हातले बुडबुडे असणार. आपला सगळा बसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, थंड होताना गॅस अडकला की भोकं राहतात.

मीनल_ठाणे:
बुडबुडे नाहीत हो दादा. ते दगड फोडला तरी आत सापडतात, बऱ्याचदा पांढऱ्या खनिजाने भरलेले. ही जाळी वरवरचीच असते. हे काम मिठाचं. तुषार उडून खारं पाणी बारीक छिद्रांत शिरतं, उन्हाने पाणी उडतं, मीठ राहतं आणि त्याचे स्फटिक वाढताना दगडाचे कण आतून सुटे करतात. भिंतीला लोणा लागून गिलावा झडतो ना, तेच. एकदा खळगा पडला की आत सावलीत ओल टिकते, मीठ परत तिथेच साठतं, म्हणून तो खोल होत जातो आणि मधल्या भिंती उरतात. लाटांच्या पट्ट्याच्या वर, जिथे नुसते तुषार पोचतात, तिथे हे जास्त.

खडपावरचा:
ताई बरोबर, पण लाटांना एवढं पण सोडू नका राव 😀 खालचा सपाट कातळ त्यांचाच. पावसाळ्यात लाट आदळली की भेगेतली हवा दाबली जाते, लाट मागे हटली की फाटकन सुटते, असं करत कड्याचा पाया पोखरतो, वरचा भाग कोसळतो, कडा मागे सरकतो आणि पायाशी हे खडप उरतं. त्यावरचे गोल खळगे अजून वेगळे, त्यात गोटे अडकून पाण्याबरोबर गरगर फिरतात, निघोजला कुकडीत रांजणखळगे आहेत तसेच.

सागर_भटक्या:
भारी! खडप नीट बघायला कधी जाऊ?

खडपावरचा:
तिथीची पाऊणपट काढा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. पण पाणी जास्त मागे जातं ते पुनवेला-अवसेला, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. पावसाळ्यात मात्र त्या वाटेला जाऊच नका.