कुत्र्याला कामावर सोबत नेलंय का कधी? अनुभव लिहा

खारूताई
काल माझी जुनी ऑफिसची खुर्ची दुरुस्तीला दिली. एक चाक अडकत होतं. दुरुस्तीवाल्याने खुर्ची उलटी केली, पेचकसाने चाकात टोकरलं आणि भुऱ्या केसांचा अंगठ्याएवढा बोळा बाहेर काढला. "मॅडम, हे कशाचे केस?" मला उत्तरच देता येईना. मोत्या जाऊन सहा वर्षं झाली.

मी हिशोबाचं काम करते. तेव्हा आमचं पाच माणसांचं ऑफिस होतं. घरी रंगकाम निघालं, मोत्याला ठेवायचं कुठे, म्हणून साहेबांना भीतभीत विचारलं, चार दिवस आणू का? ते चार दिवस नऊ वर्षं चालले. दिवसभर खुर्चीच्या चाकांशी झोपायचा. खुर्ची मागे सरकवण्याआधी वाकून बघायची सवय मला अजून आहे. नव्या ऑफिसातले विचारतात, काही पडलंय का?

वर्षअखेरीला रात्री दहा वाजता ताळेबंद जुळत नसला की उठून माझ्या मांडीवर हनुवटी टेकायचा. सगळे म्हणायचे, किती माया बघा. मला विचाराल तर त्याला घरी जायचं असायचं. एकदा ५४० चा फरक सुटता सुटेना. वैतागून त्याला खाली फिरवायला नेलं. तो एकाच खांबाचा पाच मिनिटं वास घेत उभा, मी पट्टा धरून उभी, आणि एकदम टाळकं चाललं की ५४० ला नवाने भाग जातो! म्हणजे बहुतेक कुठेतरी दोन आकडे उलटेपालटे झालेत, तसं झालं की फरकाला नवाने भाग जातोच. वर येऊन पाहिलं तर १२८० च्या जागी १८२०. साहेबांनी श्रेय खांबाला दिलं.

तुमचंही लिहा. फजितीचं असलं तर आधी लिहा.

टवाळखोर
आमच्याकडे कुत्रा नाही पण गुरगुरणारा साहेब आहे. चालेल का?

सुईदोरा
@टवाळखोर लस दिली आहे का त्यांना?

पाना-पक्कड
गॅरेज आहे माझं. काळू आपणहून आला आणि राहिला. गिऱ्हाईक आलं की आधी तो बघणार मग मी. गाडीखाली झोपलो की तोही शेजारी येऊन झोपतो, पाना मागितला तर चाटतो.
पण एक सांगतो, गॅरेजवाल्यांनी नीट वाचा. रेडिएटर सोडला होता आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, थारोळं तसंच ठेवून मी फोनवर बोलत बसलो. काळूने चाटलं. ते गोड असतं चवीला. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, किडन्या जातात. मला ते माहीत होतं तरी हे झालं. डॉक्टर म्हणाले लगेच आणलात म्हणून, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही करता आलं नसतं. पाच दिवस सलाईन. तो बरा झाला, मी अजून नाही. आता आधी पुसतो मग फोन उचलतो.

खारूताई
बाप रे. दादा, काळू आता कसा आहे?

पाना-पक्कड
मस्त. आत्ता टायरवर धार सोडून आला. गिऱ्हाइकाच्या.

उंबरठा
इथे लिहावं की नाही असं वाटत होतं. मी दुसऱ्या बाजूची आहे. मला कुत्र्यांची भीती वाटते, लहानपणी चावलाय. आधीच्या नोकरीत वरिष्ठांचा कुत्रा रोज यायचा. मोठा, देखणा, आणि खरंच गरीब असावा. पण पाणी प्यायला जायचं तर त्याच्यावरून जावं लागायचं, म्हणून मी दोन वर्षं ऑफिसात जवळजवळ पाणीच प्यायले नाही. "काही करत नाही तो" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! तो काही करत नाही हो, पण मला काय होतं ते कुणी विचारलं नाही. आणि वरिष्ठांचाच कुत्रा म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

खारूताई
@उंबरठा बरं झालं लिहिलंत. तुमचं वाचून आठवलं, आमच्या ऑफिसात एक जण सतत शिंकायची. आम्ही नऊ वर्षं एसीला दोष देत होतो. तीही बिचारी एसीलाच देत होती.

नुसताच वाचक
अ‍ॅलर्जी केसांची नसते पण. लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. म्हणून केस न गळणारी जात आणली की सुटलो, असंही होत नाही. हे मी कुत्रा आणल्यावर शिकलो. आता मी गोळी घेतो आणि तो माझ्या उशीवर झोपतो.

रात्रपाळी
वॉचमन आहे. राणी माझ्याबरोबर रात्री ड्युटी करते. मी खुर्चीवर ती खाली. तीन ते चार वेळ वाईट असते, डोळा लागतोच. तिने कान उभे केले की मी उठतो टॉर्च घेऊन.
दर वेळी मांजर असतं.

चाकरमानी
आमच्या कंपनीत वर्षातून एकदा "कुत्रा आणा दिवस" असतो. ही टूम अमेरिकेतली, १९९९ पासूनची, जूनमधल्या एका शुक्रवारी करतात. हेतू असा की सहकाऱ्यांचे कुत्रे बघून बाकीच्यांनी निवाऱ्यातली कुत्री दत्तक घ्यावीत. आमच्याकडे हेतू वगैरे कुणाला ठाऊक नव्हता. चौदा कुत्रे आले. एका लिफ्टमध्ये चार. दार उघडलं तेव्हा चार पट्ट्यांची वेणी आणि मध्ये मनुष्यबळ विभागाच्या बाई. दुपारपर्यंत प्लास्टिकच्या एकूण एक झाडाला पाणी घालून झालं होतं. माझा मात्र शहाण्यासारखा टेबलाखाली बसून होता. मला वाटलं काय गुणी लेकरू! वाकून पाहिलं तर शेजारणीच्या हेडफोनची वायर शेवयांसारखी बारीक करून ठेवलेली. नशीब, चालू चार्जरची नव्हती.

टवाळखोर
मनुष्यबळ विभागात श्वानबळ 😂

ऐकणारी
मी समुपदेशन करते. मनोविश्लेषक फ्रॉइडच्या खोलीत जोफी नावाची चाऊ जातीची कुत्री बसायची आणि सत्राची वेळ संपली की उठायची, त्याला घड्याळ बघावं लागायचं नाही, असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय. पुढे १९६० च्या दशकात बोरिस लेव्हिन्सन नावाच्या बालमानसतज्ज्ञाने जिंगल्स या आपल्या कुत्र्याबद्दल लिहिलं. जी मुलं त्याच्याशी बोलत नसत ती जिंगल्सशी खेळता खेळता मोकळी व्हायची. हे सगळं वाचून मीही हुरळले आणि आमच्या बकुळेला नेऊ लागले. येणाऱ्याला आधी विचारून, अर्थात.
आठवड्यात लक्षात आलं की समोरचा माणूस रडायला लागला की बकुळा उठते आणि दाराकडे तोंड करून बसते. जांभया देते, ओठ चाटते. लोकांना वाटायचं कंटाळली. ती कंटाळ्याची नव्हे, ताणाची खूण असते. एका काकांना इतकं वाईट वाटलं की रडता रडता तेच तिला "सॉरी" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून बकुळा घरी. काही कुत्र्यांना आपलं काम आवडत नाही, जसं आपल्यालाही.

सुईदोरा
शिवणकाम करते. आमची चिंधी (नाव आपोआप पडलं) बरोब्बर कापून ठेवलेल्या कापडावरच झोपते. रिकामी गादी शेजारी. काळं मखमल असेल तर विचारूच नका, पांढरी आहे ती. टाचणीची भीती असते म्हणून दिवसातून तीनदा लोहचुंबक फिरवते जमिनीवर. त्यात टाचण्या निघतात, हुक निघतात, एकदा माझी हरवलेली नाकातली चमकी निघाली. चमकी चुंबकाला चिकटली म्हणजे सोनाराने काय दिलं होतं ते कळलं. विषय निघाला म्हणून सांगितलं.

उंबरठा
@सुईदोरा 😄 सोनाराकडे गेलात का परत?

सुईदोरा
चिंधीला घेऊन जाणार आहे.

सायकलवाला
पार्सल पोचवतो. डाकवाल्याचं आणि कुत्र्याचं वैर म्हणतात, माझा तर पुढच्या टोपलीत बसून येतो. दारातले कुत्रे माझ्यावर भुंकायचे सोडून त्याच्यावर भुंकतात, माझ्या पोटऱ्या वाचतात. पोस्टातच एक नामी कुत्रा होऊन गेला, ओनी. अमेरिकेत ऑल्बनीच्या पोस्टात १८८८ च्या सुमारास आला, टपालाच्या थैल्यांवर झोपायचा, थैल्या निघाल्या की मागोमाग रेल्वेच्या टपालडब्यात. गावोगावचे लोक त्याच्या पट्ट्याला बिल्ले लावायचे. इतके झाले की वजन पेलेना, मग त्याला बिल्ल्यांसाठी जाकीट शिवलं. वॉशिंग्टनच्या टपाल संग्रहालयात अजून आहे तो, पेंढा भरून. मी आमच्याला एक बिल्ला लावला. त्याने खाल्ला.

लांबपल्ला
टॅक्सी चालवतो. शेरू पुढच्या सीटवर, पट्टा लावून. प्रवाशाला आधीच सांगतो, नको म्हणाला तर दुसरी गाडी बघा. बहुतेक जण माझ्याशी बोलत नाहीत, शेरूशी बोलतात. घटस्फोट, पोरांची लग्नं, सगळं त्याला सांगतात आणि उतरताना पैसे मला देतात.
गाडीत ठेवून मात्र जात नाही, दोन मिनिटंसुद्धा. बाहेर २१ अंश असले तरी बंद गाडीत दहा मिनिटांत ३१-३२ होतात, अर्ध्या तासात चाळिशी गाठते. काच बोटभर खाली करून फार फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, थोडा पंजांना, बाकी जीभ काढून धापा. म्हणून मुतारीलाही दोघं जातो. लोक हसतात, हसोत.

घरकोंबडा
मी घरूनच काम करतो, म्हणजे मीच त्याच्या ऑफिसात येतो असं समजा. मीटिंगमध्ये मी बोलायला लागलो की भुंकतो. दुसरं कुणी बोलताना नाही, फक्त मीच. बॉस म्हणाले, तुमच्या म्हणण्याला घरातूनच पाठिंबा नाही.

चाकरमानी
@खारूताई खुर्चीच्या कापडातले केस कसे काढलेत? माझी काळी आहे, आता करडी दिसते.

खारूताई
रबरी हातमोजा जरासा ओला करायचा आणि एकाच दिशेने हात फिरवायचा. गोळा होऊन येतात.

पाना-पक्कड
ताई तो बोळा ठेवलात का

खारूताई
नाही हो. मी बघेपर्यंत त्याने झाडूने लोटूनही दिला. दुसऱ्या चाकाला हात लावायला गेला तेव्हा म्हटलं, राहू द्या, ते फिरतंय.
फिरत नाही ते. आत्ताही डावीकडे वळायचं तर पायाने ढकलावं लागतंय.

चाकरमानी
हातमोजा चालतो! खुर्ची पुन्हा काळी झाली. मांजराचेही निघाले, आमच्याकडे मांजर नाही.