कारवान घरी आलाय. ठेवून घेऊ की शेतावर पाठवू?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. बारा दिवसांपूर्वी आमच्याकडे एक कारवान, म्हणजे शिकारी जातीचा देशी कुत्रा, आलाय. सासवड रस्त्याला एका ढाब्यामागे लंगडत फिरत होता. ओळखीची एक मुलगी असली जनावरं उचलून बरी करते, तिने "ताई, फक्त दोन दिवस" म्हणून आणून सोडला. वय तीनेक वर्षं असावं म्हणतात. रंग वाळल्या कडब्यासारखा, मानेभोवती दोरीने घासून केस गेलेत. नाव मुद्दामच ठेवलेलं नाही, नाव ठेवलं की सुटका नाही. (नावं ठेवायचं काम सासूबाई रोज करतात.)

आमच्याकडे आधी लॅब्रॅडोर होती, चौदा वर्षं. तिच्या अनुभवावर याला सांभाळायला गेले आणि तिथेच फसले. ती स्वयंपाकघरात नुसता डबा वाजला तरी हजर असायची. याच्या जेवणाकडे कोणी बघितलं तरी हा ताटली सोडून निघून जातो. भुंकत नाही. दिवसभर दिवाणावर चारही पाय वर करून पडलेला असतो. हाक मारली की कान हलतो, बाकी काही हलत नाही.

परवा सकाळी सहाला गेटपाशी स्कूटरखालून मांजर निघालं. हा झटक्यात मागे सरला, मग पुढे गेला आणि पट्टा माझ्या हातात तसाच राहिला, बकल लागलेलं! पाऊण तासाने कॅनॉलच्या कडेला सापडला, मांडीवर वीतभर चीर. तेव्हापासून गेटबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की माझ्याच पोटात गोळा येतो.

धाकटे दीर म्हणतात, बारामतीकडे आपलं शेत आहे, तिथे मोकळा पळेल, फ्लॅटमध्ये असलं कुत्रं कोंडणं पाप आहे. त्यांचं बरोबर आहे का? ही जात ज्यांनी पाळली आहे त्यांनीच सांगा. "कुत्रा म्हणजे निष्ठा" वगैरे नको, ते पाठ आहे.

माणदेशी_गडी

ताई, आमच्या घरात आजोबांपासून कारवान आहेत. "शेतावर मोकळा" ऐकायला झ्याक वाटतं. शेजाऱ्याची शेळी धरली की दुसऱ्या दिवशी भाकरीत विष. नाहीतर गडीमाणसं त्याला सशामागं सोडणार. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, पण रात्री बॅटरी घेऊन कोण हिंडतं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. मानेवरचा वळ बघता तुमचा गडी बहुतेक तिथूनच आलाय. पाय अधू झाला की असली कुत्री रस्त्यावर सोडतात. परत शेतावरच धाडताय?

हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्यानं शिकार करतं. पळणारं काही दिसलं की हाक कानात शिरतच नाही. तो उद्धटपणा नव्हे, जातच तशी. जीव तोडून पळणार ते थोडकाच वेळ, बाकी दिवस झोप. त्यामुळं फ्लॅटमध्ये काही अडत नाही. मात्र कुंपण नसलेल्या जागी सुटा सोडायचा नाही. कधीच नाही. दहा वर्षं झाली तरी नाही.

पट्ट्याचं सांगतो. याचं डोकं निमुळतं, मान जाड. साधा पट्टा मागं सरकला की निघालाच. ओढ बसली की आवळतो तो रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या, वर छातीचा हार्नेस, आणि दोन्हींना वेगळा दोर.

अन् हलकं कुत्रं समजू नका बरं. २००५ साली पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात हे आहे. तिकिटावर मुधोळ हाउंड छापलंय, आम्ही कारवानच म्हणतो.

दवाखान्यातली_खुर्ची

मी पशुवैद्यकाकडे नऊ वर्षं मदतनीस आहे, तेवढ्याच अधिकाराने लिहिते.

नसबंदी किंवा टाके घालायची वेळ आली तर "हा कारवान आहे" हे भूल देण्याआधी तोंडाने सांगा, केसपेपरवर विसंबू नका. अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे थायोपेंटोनसारखं जुनं औषध लवकर उतरत नाही. आता डॉक्टरांकडे दुसरी औषधं असतात.

रस्त्यावर राहिलेला आहे, तर गोचीडतापाची तपासणी कराच. कातडी कागदासारखी, चीर पडणारच, ड्रेसिंगचं सामान घरात ठेवा. आणि शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. "उपाशी ठेवता का हो?" असं सोसायटीत विचारतील, सवय करून घ्या.

परत_दिलेला

कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. मी असाच एक आणला होता आणि चार महिन्यांनी दुसऱ्या घरी दिला. घरात आधीची दोन मांजरं होती. दारं बंद करून, पाळ्या लावून राहत होतो. शेवटी बायको म्हणाली, हे घर आहे की तुरुंग. आता ज्यांच्याकडे आहे तिथे मांजर नाही, कुत्रा मजेत आहे. वाईट वाटतं, पण चुकलो असं वाटत नाही.

दीर काय म्हणतात ते सोडा. तुम्हाला ताप आला तर पहाटे दोन दोर धरून त्याला कोण नेणार? त्या माणसाचं नाव आज सांगता आलं तर ठेवा.

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. परत_दिलेला, तुमचा प्रश्न रात्री जेवताना विचारला. नवरा ताटात बघत राहिला. मुलगी म्हणाली, मी नेईन, पण सहाला नाही, साडेसहाला. एवढ्यावर बोळवण झाली आहे.

जेवणाचा तिढा सासूबाईंनी सोडवला. त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसतात, आणि मागून ताटली वाजायला लागते. वळून बघायची मनाई मलाही आहे. त्या त्याला "पाव्हणं" म्हणतात. "पाव्हणं, दूध संपवा."

काल पट्टा आणला. बिल्ल्यावर नाव काय कोरू, असं दुकानदाराने विचारलं. मी म्हटलं, फोन नंबरच घाला.

दिरांना अजून काही कळवलेलं नाही.