टिम कुक यांच्या काळात ॲपलने नवं काय केलं?

शंकासूर
ऑगस्ट २०११ मध्ये कुक यांनी सूत्रं हाती घेतली. त्यानंतर घड्याळ आलं (२०१५), एअरपॉड्स आले (२०१६). आयफोन मात्र दरवर्षी तोच, कॅमेरा जरा बरा. मोटारीचा प्रकल्प २०२४ मध्ये गुंडाळला. आता नवं करायची धमक उरली नाही म्हणायचं का?

अर्धवाहक
बाहेरून तसंच दिसतं. मॅकमध्ये इंटेलच्या जागी आलेली ॲपलची स्वतःची २०२० ची एम१ चिप उघडून बघा. इंटेलच्या चिपसाठी एकेक आज्ञा १ ते १५ बाइटची, कितीही लांबीची. पुढची कुठे सुरू होते तेच आधी शोधावं लागतं. एम१ला प्रत्येक आज्ञा ४ बाइटचीच, म्हणून मोठा कोअर (चिपमधला आज्ञा पाळणारा भाग) एका ठोक्याला आठ आज्ञा उलगडतो.

खरी करामत इंटेलसाठी लिहिलेले जुने प्रोग्राम चालवण्यात आहे. इंटेलमध्ये मेमरीत लिहिण्याचा क्रम कडक, आर्ममध्ये (एम१ याच जातीची) सैल. तो क्रम सॉफ्टवेअरने सांभाळला तर वेग पडतो. म्हणून एम१मध्ये इंटेलचा क्रम पाळायची सोय चिपमध्येच केली आणि जुने प्रोग्राम एम१च्या भाषेत आणणारं रोझेटा २ त्यावर चालतं. चिप आणि सिस्टिम एकाच घरात असल्याशिवाय हे सुचतही नाही.

तोटाही आहे. रॅम चिपच्याच पॅकेजवर, नंतर वाढत नाही. घेतानाच १६ जीबी घ्या.

तिरकस
बीज जॉब्स यांचं. पी. ए. सेमी ही चिप बनवणारी कंपनी ॲपलने २००८ लाच विकत घेतली होती. कुक यांच्या काळातला २०१५ चा मॅकबुकचा चपट्या कळांचा बटरफ्लाय कीबोर्ड विसरलात? कळ दबायला जागाच नाही, धुळीचा कण गेला की अक्षर उमटत नाही, नाहीतर दोनदा उमटतं. दुरुस्तीला बॅटरीसकट वरचा भाग बदलायचा. २०१८ मध्ये सिलिकॉनचा पडदा लावून पाहिला. शेवटी २०१९ अखेर १६ इंची मॅकबुक प्रोला कळांची जुनी कात्री पद्धत परत आली.

अर्धवाहक
कीबोर्डबद्दल मान्य. पण २००८ च्या बीजावर २०१३ मध्ये आयफोनसाठी ६४ बिट ए७ चिप काढणं आणि मग अख्खा मॅक इंटेलवरून हलवणं, हे कुक यांच्याच काळातलं.

गणपुले
घोडं अडलं ते ॲपलच्या आवाजी मदतनीस सिरीपाशी. जून २०२४ मध्ये दाखवलेली, तुमचे मेल-मेसेज वाचून ॲपमधली कामं करणारी सिरी मार्च २०२५ मध्ये लांबणीवर टाकली. अशा कामात चुका साचत जातात. प्रत्येक पायरी ९५ टक्के बरोबर धरली, तरी चार पायऱ्यांचं काम १०० पैकी ८१ वेळाच तडीस जातं. विमानतळावर कुणाला घ्यायला निघालेल्या माणसाला हा आकडा चालणार नाही, आणि चिप कितीही वेगवान असली तरी तो त्यामुळे वाढत नाही.