ओठांवरचं बोट गप्प बसायला सांगत नाही

प्राचीन इजिप्तचा देव होरस बाळरूपात ओठांवर बोट ठेवलेला दाखवतात. ते बोट म्हणजे 'गुपित राखा' अशी खूण, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. तो अर्थ ग्रीक-रोमन लोकांनी मागाहून लावला. इजिप्तमध्ये तोंडाशी नेलेला हात म्हणजे फक्त लहान मूल. चित्रलिपीतलं मुलाचं चिन्हही तसंच आहे. ग्रीकांचा 'हार्पोक्रेटिस' हा शब्दही 'हर-पा-खेरेद', म्हणजे 'बालक होरस', यावरूनच आला.

पण या बाळाचं खरं काम वेगळंच. मगरींवर उभा, मुठींत साप-विंचू धरलेला बाळ होरस कोरलेल्या लहान-मोठ्या शिळा सापडतात. अंगभर मंत्र. त्यांवरून पाणी ओतायचं आणि विंचू किंवा साप चावलेल्याला ते पाजायचं. कथेत दलदलीत लपवलेल्या होरसलाच विष बाधतं, त्याची आई इसिस आकांत मांडते आणि ज्ञानाचा देव थोथ येऊन त्याला वाचवतो. तो वाचला तसं आपलंही लेकरू वाचो, एवढीच त्यामागची आस. मला तरी ती मोठमोठ्या देवळांपेक्षा जवळची वाटते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधली मेटर्निख शिळा ही अशीच एक, ती जरूर बघा. इजिप्तचा राजा दुसरा नेक्टानेबो याच्या काळातली (इ.स.पू. ३६०–३४३) आहे, आणि इसिसचा तो आकांत तिच्यावर शब्दांत कोरलेला आहे.